गवताचे सर

आमच्या घरात नळ ठिबकत राहिला, पंख्याचा आवाज महिनाभर तसाच राहिला, की माझी बायको कुणाकडेही न बघता म्हणते, "करतील कसे? गवताच्या सरांचे शिष्य ना." मुलं हसतात. मीही हसतो, कारण आरोप खरा आहे. फक्त सरांच्या काही न करण्यात आणि माझ्या काही न करण्यात फरक होता. मी काही करत नसतो तेव्हा त्याच आवाज करणाऱ्या पंख्याखाली आडवा असतो. सर काही करत नसत तेव्हा उन्हात उभे असत आणि त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला असे.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. जिल्हा नवा, साहेब नवे, जीपा नव्या. त्या नवेपणाच्या धांदलीत मलाही कुठंतरी चिकटवायचं म्हणून उदगीरच्या पुढं, डोंगराकडच्या एका गावात गणिताचा मास्तर म्हणून पाठवलं. बिनलग्नाच्या पोराला खोली द्यायला गावात कुणी तयार होईना. शाळेत भूगोल शिकवणारे एक सर माझी पिशवी उचलून म्हणाले, "चला. आमच्याकडं एक खोली हाय. पाऊस आला तर गळती, पण पाऊस येतो कुठं?"

त्यांचं घर बौद्धवाड्यात, अगदी टोकाला. मागचं दार उघडलं की माळच सुरू व्हायचा. जेवणाची सोय झाली असं मी आईला कळवलं. कुणाच्या घरी, असं तिनं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा भाकरी चांगली असते एवढंच कळवलं. भाकरी खरंच चांगली असायची. ती सरांची थोरली बहीण करायची. तिला सगळं गाव अक्का म्हणे.

पहिल्या दिवशी ताटावर बसलो तेव्हा अक्का मला म्हणाली, "मास्तर, तुमच्या सरांना इचारा, कोरड्यास वाढू का?"

सर माझ्या शेजारीच बसले होते. गुडघ्याला गुडघा लागत होता. मी गोंधळून त्यांच्याकडं वळलो आणि विचारलं, "सर, कोरड्यास वाढू का?"

"वाढा म्हणावं," सर म्हणाले.

"वाढा म्हणताहेत," मी अक्काला सांगितलं.

हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं. माझ्या आधी हे काम शेजारची एक म्हातारी करायची. ती वारली आणि मी आलो. म्हणजे मला खोली मिळाली ती का, हे मला त्या ताटावर कळलं.

भांडण होतं माळावरून. सर लहान असताना आई-बाप गेले. अक्काचा नवराही लवकर गेला. तिनं शेळ्या पाळल्या, त्या घरामागच्या माळावर चारल्या आणि शेळ्यांच्या जिवावर भावाला उदगीरला ठेवून शिकवलं. भाऊ शिकून त्याच गावच्या शाळेत मास्तर होऊन आला, आणि आल्यावर पहिलं काम काय केलं, तर माळावर चराई बंद केली. गायरानाचा तो तुकडा पंचायतीनं शाळेला देऊन टाकला होता, कारण त्यावर दगडाशिवाय काही उरलं नव्हतं. सरांनी त्याला बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, एक काट्यांचंच कवाड केलं आणि गावाला सांगितलं, आता इथं खुर नको. कुणाचाच नको.

"माझ्या शेळ्यांचा पण?" अक्कानं विचारलं होतं म्हणे.

"त्यांचा पहिला," सर म्हणाले होते. "घरचा खुर आत सोडला तर गावाला काय तोंडानं सांगू?"

अक्कानं शेळ्या उदगीरच्या बाजारात विकल्या. अंगणातले खुंटे तेवढे तसेच ठेवले. मी आलो तेव्हाही होते. रोज सकाळी मला त्यातल्या एकाची तरी ठेच लागायची. मग अक्का समाधानानं म्हणायची, "मास्तर, तुमच्या सरांना दाखवा अंगठा."

माळाविषयी मी काय सांगणार? मला आजही ज्वारी आणि मका कणीस आल्याशिवाय ओळखता येत नाहीत. पण मी गेलो तेव्हा तो माळ दगडांचा उरला नव्हता. पावसाळा सरला की कमरेइतकं गवत उभं राहायचं. सर त्यातून चालताना चपला काढून हातात घ्यायचे. पोरं मागून नक्कल करायची. मीही एकदा भक्तिभावानं चपला काढल्या आणि पुढं आठ दिवस खुर्चीवर मांडी घालून शिकवलं. पवन्या, मारवेल, कुसळी अशी नावं ते घ्यायचे, आणि ती घेताना आवाज असा व्हायचा की जणू वर्गातल्या हुशार मुलांची हजेरी चाललीय. कुसळी कपड्यांत घुसायची. संध्याकाळी ओट्यावर बसून सर विजारीतली कुसळं एकेक उपटत आणि मुठीत धरून परत माळावर टाकून येत. फेकून का देत नाही असं विचारलं तर म्हणाले, "बी हाय ते. माझ्या ढुंगणाला चिकटून गावात आलं म्हणून काय गावचं झालं का?"

त्यांच्या शिक्षेची तऱ्हा वेगळी होती. छडी नाही, उठाबशा नाहीत. दंगा करणाऱ्याला तासभर माळाच्या कडेला बसवायचं, आणि आल्यावर त्यानं काय ऐकलं ते वर्गाला सांगायचं. एकानं चंडोल ऐकला, एकानं तित्तर. एकीनं सांगितलं, वारा येतो तेव्हा गवत आधी त्या टोकाला वाजतं आणि मग आपल्याजवळ. महिन्याभरात अख्खा वर्ग दंगा करू लागला. मला कुतूहल वाटलं म्हणून मीही एकदा जाऊन बसलो. मला माझं पोट वाजलेलं ऐकू आलं.

पण सर खरे गाजले ते झाडं न लावण्यात. नव्या जिल्ह्यातल्या प्रत्येक नव्या साहेबाला कुठंतरी झाड लावायचं असायचं. आमच्या शाळेसमोर एक खड्डा होता. दरवर्षी जीप यायची, साहेब त्या खड्ड्यात रोप ठेवायचे, फोटो व्हायचा, उन्हाळ्यात रोप वाळायचं, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा रोप. खड्डा कायम नोकरीवर होता, बदल्या रोपांच्या व्हायच्या. एका वर्षी एका साहेबांची नजर कुंपणापलीकडं गेली. एवढी जागा मोकळी कशी, म्हणाले. नीलगिरी लावू, ओळीनं.

सर पुढं झाले आणि म्हणाले, "साहेब, तिथं काही करू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नका करू. हात खिशात घाला आणि बघा. माणसानं हात लावून लावून त्याची ही गत केली व्हती. आता खपली धरून राहिलंय, ते उकरू नका."

"पण पर्यावरणाच्या दृष्टीनं झाडं..."

"झाडं जिथं तोडली तिथं लावा की. ही गवताची जागा हाय. आधीपासूनची. चंडोल जमिनीवर घरटं करतो साहेब, नीलगिरीच्या शेंड्यावर न्हाई."

साहेबांनी हेडमास्तरांकडं पाहिलं, हेडमास्तरांनी माझ्याकडं, आणि मी खड्ड्याकडं. साहेब समजूतदार होते, किंवा जेवणाची वेळ झाली होती. जीप निघताना सरांनी नीलगिरीची रोपं उचलून मागच्या सीटवर ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "साहेबांच्या बंगल्यात लावा. तिथं पाणी हाय."

'काही करू नका' हे त्यांचं सगळ्या रोगांवरचं औषध होतं. ताप आला, काही करू नका. हेडमास्तर रागावले, काही करू नका. नांदेडहून माझ्यासाठी स्थळ आलं, मुलीकडच्यांचा पुढं निरोप येईना, मी अस्वस्थ होऊन सरांना विचारलं. उत्तर ठरलेलं. मी काही केलं नाही आणि यथावकाश लग्न झालं. सरांमुळं झालं असं मी म्हणतो. बायको म्हणते, सरांमुळं टळायचं राहिलं.

त्यांच्या काही न करण्यानं काय झालं ते गावाला हळूहळू दिसू लागलं होतं. माळाच्या पायथ्याला शाळेची विहीर होती. पूर्वी होळीला तळ दिसायचा, आता अक्षय्य तृतीयेपर्यंत घागर बुडायची. पाऊस पडला की ओढ्याला लाल पाणी यायचं, ते निवळत चाललं होतं. गाव कबूल करत नव्हतं, पण कुंपणाच्या काट्या आता चोरीला जात नव्हत्या. दिवाळीनंतर, बी झडल्यावर, सर कवाड उघडायचे आणि विळ्यानं गवत कापू द्यायचे. घरटी एक भारा. पाटील तक्रार करायचे, "आमची दावण केवढी, आणि एखाद्या म्हातारीच्या दारात कोंबडं न्हाई. दोघांना एकच भारा?" सर म्हणायचे, "भारा घराला हाय पाटील, जनावराला न्हाई." अक्काचा भारा मी कापून आणायचो. तो घरापर्यंत येताना निम्मा सुटायचा. अक्का खुंट्यांजवळ तो भारा ठेवायची आणि शेजारणीला देऊन टाकायची. शेळ्या नव्हत्या तरी भारा मात्र ती सोडायची नाही.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी आला, दुसऱ्या वर्षी आलाच नाही म्हटलं तरी चालेल. कडबा संपला. झाडांचा पाला संपला. लोक उसाचं वाढं आणायला किल्लारीकडं गेले आणि हात हलवत परतले. गावात टँकर येऊ लागला. त्या सगळ्या करपलेल्या मुलखात फक्त आमच्या घरामागं पिवळं गवत उभं होतं. सरांनी त्या वर्षी दिवाळीनंतर कापलं, पण बरंचसं राखलं. "मुळाला सावली पायजे," म्हणाले, "न्हाईतर माती उडून जाती. यंदा माळ जगला की पुढं सगळं जगतंय." रात्री-अपरात्री कुणी कुंपण मोडेल म्हणून ते माळावरच झोपू लागले. मी जेवण घेऊन जायचो. अक्का डबा देताना म्हणायची, "तुमच्या सरांना सांगा, गवत खाऊन बघा म्हणावं."

चैत्र सरता सरता तालुक्याहून एक तरुण साहेब आले. चांगला माणूस होता. त्यानं आरडाओरडा केला नाही, खुर्ची मागितली नाही. सरांसमोर दगडावर बसून म्हणाला, "सर, तीन गावांची जनावरं आहेत. छावणी मंजूर झाली, पण चाऱ्याचे ट्रक अजून आले नाहीत. टँकर इथपर्यंत पोचतो. जनावरं पुढं चालणार नाहीत. चारा येईपर्यंत माळ द्या."

"कापून देतो," सर म्हणाले. "मी कापतो, पोरं कापतील, गाव कापल. पण आत खुर नको. जमीन पिठागत झालीय. जनावर गवत मुळासकट उपटल."

"एवढ्यांना कापून कधी पुरणार, सर?"

सर कवाडासमोर जाऊन बसले.

जनावरं रस्त्यावर आलेलीच होती. हाडांवर कातडं पांघरलेलं, डोळ्यांच्या कडांना माशा. एरवी गुरं रस्त्यावर उभी असली की केवढा गोंधळ असतो. यांचा आवाजच नव्हता. गवताचा वास लागूनही ती पुढं रेटत नव्हती, नुसती त्या दिशेला तोंड करून उभी होती. माणसंही तशीच. कुणी सरांना उठा म्हणालं नाही. पाटील आपल्या बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे होते आणि कवाडाकडं मुद्दाम बघत नव्हते. सरांना उचलून बाजूला ठेवायला दोन माणसं पुरली असती. तेवढंही कुणी केलं नाही. केलं असतं तर सरांना सोपं गेलं असतं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा एक गाय रस्त्यावरच बसली. मालकानं शेपूट धरून उठवून पाहिलं. ती उठली नाही. तिनं मानही खाली टाकली.

सर उठले. काट्यांचं ते कवाड ओढायला एक आकडा असायचा. तो न घेता त्यांनी नुसत्या हातांनी कवाड ओढलं आणि बाजूला झाले.

जनावरं आत जाऊ लागली. तेवढ्यात अक्का घरातून चालत आली. गर्दीतून वाट काढत ती सरांच्या पुढ्यात उभी राहिली. मला वाटलं, नेहमीसारखी माझ्याकडं वळेल, म्हणून मी सवयीनं पुढं सरकलो. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती भावाशी बोलली.

"माझ्या चार शेळ्यांनी काय घोडं मारलं व्हतं रे तुझं?"

सर म्हणाले, "काही न्हाई, अक्का."

तिनं त्यांचे हात उलटून पाहिले. रक्त येत होतं. पदरानं पुसू लागली आणि पुसता पुसता काटे काढू लागली. मागं धूळ एवढी उठली होती की ती दोघं मला नीट दिसेनाशी झाली.

चाऱ्याचे ट्रक आले, पण आठवड्यानं. तोवर माळावर बघायला काही राहिलं नव्हतं. सर म्हणाले होते तसंच झालं, गवत मुळासकट वर आलं. छावणी पुढं सगळा उन्हाळा तिथंच राहिली. खुरांनी माती उकरली, वाऱ्यानं ती उचलली, आणि जनावरांच्या मागं जुने दगड वर आले. छावणी उठल्यावर मी आणि सर पहिल्यांदा माळावर गेलो. कडेला पोचल्यावर मी त्यांच्या पायांकडं बघत होतो. ते थांबले नाहीत. चपला घालूनच चालत गेले, पार दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत आले. येताना एवढंच म्हणाले, "भूगोलाच्या पुस्तकात धूप नावाचा धडा हाय. पोरांना आता बाहेर आणायला नको. खिडकीतून दिसल."

त्या पावसाळ्यात पाऊस झाला. चांगला झाला. माळावरून लाल पाणी घरंगळत आलं आणि शाळेच्या विहिरीत गाळ बसला. एक साहेब येऊन नीलगिरीसाठी ओळी आखून गेले. सर व्हरांड्यात उभे होते. साहेबांनी विचारलं, इथं काही हरकत नाही ना? सर म्हणाले, "न्हाई. करा."

पण गावात जनावरं जगली होती. आसपासच्या गावांत दावणी रिकाम्या पडल्या, आमच्या गावात हंबरणं ऐकू येत होतं. गाव ते विसरलं नाही. गावाला ते फेडायचं होतं, आणि फेडायची गावाला एकच रीत माहीत होती.

पोळ्याला आमच्या गावात पहिला मान पाटलांचा. त्यांचा बैल वेशीतून पुढं निघाल्याशिवाय कुणाचा बैल हलत नसे, आणि मिरवणूक मारुतीला वळसा घालून परतायची. बौद्धवाड्याकडं ती कधी आलेली नव्हती. त्या पोळ्याला वाजंत्री मारुतीपाशी न वळता सरळ आमच्या दिशेनं येऊ लागली. सर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. आवाज जवळ आला तसे ते आत जायला उठले, पण तोवर पाटलांचा बैल दारात उभा होता. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळ, पाठीवर आरशांची झूल. मागं गावातले सगळे बैल. बैलांना मी घाबरतो, म्हणून मी ओट्याच्या वरच्या पायरीवर चढून खांबाला धरलं होतं.

पाटील म्हणाले, "सर, यंदापासून मान ह्या दाराचा. अक्का, ओवाळ बैलाला."

अक्का दारात आली. "आमच्यात ओवाळत न्हाईत, पाटील."

"मंग काय करत्यात?"

"पाणी देत्यात," अक्का म्हणाली, आणि आतून भरलेली बादली आणून बैलापुढं ठेवली.

वाजंत्री थांबली. सगळं गाव त्या बादलीकडं बघत होतं. पाटलांनी कासरा ढिला सोडला. बैलानं तोंड घातलं आणि तो पाणी पिऊ लागला.

सर पायऱ्या उतरून खाली आले. त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, बरगड्यांवरून, फऱ्यावरून. पाठ चांगली भरली होती, हाड हाताला लागत नव्हतं.

"भरलाय," सर म्हणाले.

"तुमच्या गवतावर भरलाय, सर. त्यानंच तगला," पाटील म्हणाले.

"हाव," सर म्हणाले. मग बैलाकडं वाकून बघत त्यांनी विचारलं, "पाटील, चव कशी व्हती, काही बोलला का हा?"

लोक हसले. पाटीलही हसले, बऱ्याच महिन्यांनी. सर पण हसू लागले. त्यांना हसताना मी क्वचित पाहिलं होतं, म्हणून मीही खांब सोडून हसलो. हसता हसता सर बैलाच्या पाठीला टेकले, कपाळ त्या झुलीवर ठेवलं. त्यांचे खांदे हलत होते. झुलीचे आरसे किणकिणत होते. लोकांना वाटलं, सर फार खुशीत आहेत. कुणीतरी वाजंत्रीवाल्याला खूण केली आणि हलगी पुन्हा सुरू झाली.

अक्कानं त्यांच्या दंडाला धरलं. लहान पोराला न्यावं तसं आत नेलं आणि दार लोटून घेतलं. मी दाराला अगदी लागून होतो. हलगीच्या आवाजातही आतलं ऐकू येत होतं, आणि ते हसणं नव्हतं.

मी हातानं सगळ्यांना पुढं जायला सांगितलं. हलगी निघाली, मागचे बैल वळून निघाले, पोरं निघाली. पाटलांनी दोनदा कासरा ओढला. बैल हलला नाही. बादलीत अजून पाणी होतं.